दौलतरावांनी आणलेले गडी

कामरगावच्या कबड्डी संघाचं मॅनेजरपण दौलतरावांकडून काढून घेतलं, ते सत्तावन्न सालच्या हनुमान जयंतीला. महिन्याभरापूर्वी वाशीमच्या सामन्यांत मेडशीने त्यांच्या संघाला धुऊन काढलं होतं. प्रसादाच्या पंगती उठल्या आणि मारुतीच्या ओट्यावर बसल्या बसल्या गावाने पुंजाजीला नवा मॅनेजर करून टाकलं. दौलतराव तिथेच होते. त्यांना कोणी विचारलं नाही. चपला पायात घालून ते घरी आले आणि दिवसा कधी न झोपणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दौलतराव स्वतः कधी खेळले नव्हते. लहानपणापासून दमा, दोन घरं चाललं की छाती भरून यायची. पण नजर मोठी अचूक होती. जिनात कपाशीचे बोजे उचलणारा पोरगा कसा वळतो एवढं पाहून ते सांगायचे, हा चढाई करील की पकड. घरची शेती बरी होती, पोटापाण्याची काळजी नव्हती. त्यामुळे गडी शोधत गावोगाव हिंडणं, ज्याला हवं ते देऊन त्याला कामरगावात आणणं, हाच त्यांचा धंदा झाला.

पहिला आणला मोहनसिंग, जवळच्या बंजारा तांड्यावरचा. गावातले काही जण कुरकुरले, तांड्यातला पोरगा आमच्या पंगतीत बसेल का म्हणून. दौलतरावांनी सगळ्या संघाला आपल्या घरी जेवायला बोलावलं, मोहनसिंगला स्वतःच्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, "ज्याले उठाचं त्यानं उठा." कोणी उठलं नाही. त्यांनी मोहनसिंगला आपल्याच शेतात सालदार ठेवला. दिवसा वखर, संध्याकाळी कबड्डी. पकडीला त्याच्यासारखा गडी आसपास नव्हता.

मग कारंज्याच्या एका सामन्यात त्याचा गुडघा निखळला. वैद्याने बांधला, पण तो वाकडाच बसला. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचं नवं वर्ष ठरतं, तेव्हा दौलतरावांनी दुसरा माणूस ठरवला. मोहनसिंगची आई रामीबाई दारात येऊन उभी राहिली.

"दौलतराव, त्याचा गुडघा तुमच्या खेळात गेला."

"खरं हाये बाई. पन एका पायानं वखर होत नाही."

रामीबाई परत गेली. मोहनसिंग रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागला, कारण ते काम बसून करता येतं.

त्यानंतर दौलतरावांच्या मनात भरला मेडशीचा शेषराव. लांब हातापायांचा, चढाईला गेला की समोरच्या गड्याला हात लावून हसत परत यायचा. दौलतराव मेडशीला दोनदा जाऊन आले. मेडशीकरांची अट होती की बदल्यात कामरगावचा जगदेव द्या. जगदेव गावातच जन्मलेला, गावातच वाढलेला पोरगा. दौलतरावांनी त्याला मेडशीत एका दुकानावर काम मिळवून दिलं आणि पाठवून दिलं. पण शेषरावाच्या बापाची अट वेगळीच होती.

"गडी पाहिजे असन तं जावाई करून न्या. नाहीतं कायले येईन तो तिकडं?"

दौलतरावांची एकुलती एक मुलगी तुळसा तेव्हा सतरा वर्षांची होती. कारंज्याला मावशीकडे राहून सातवी पास झालेली. अकोल्याच्या नॉर्मल स्कूलला जाऊन मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं आणि दौलतरावांनी त्याला होकारही दिला होता. शेषरावाच्या बापाला त्यांनी तिथेच, बसल्या जागी शब्द दिला. घरी आल्यावर सांगितलं.

बायको गोजराबाई म्हणाली, "अवो, पोरगी शिकाले जातो म्हनते ना?"

"जाईन की पुढं. वाशीमचे सामने फागनात हायेत. त्याच्या आत लगन झालं पाहिजे."

माघात लग्न झालं आणि शेषराव घरजावई होऊन आला.

त्याने तुळसाला मारलं नाही, शिवीगाळही केली नाही. सकाळी अंगाला तेल, मग दूध, मग मैदान. घरातलं दूध-तूप आधी त्याला. तुळसा ताट वाढायची आणि तो जेवून उठायचा. बोलायचा तो सासऱ्याशी, तेही खेळाबद्दल. कामरगावने लागोपाठ दोन वर्षं वाशीमची ढाल जिंकली. दोन्ही वेळा गावाने दौलतरावांना खांद्यावर घेऊन मिरवलं. ढाली त्यांच्या घरी, देवघराच्या वर टांगल्या गेल्या.

मग अकोल्याच्या एका गिरणीच्या संघाने शेषरावाला पाहिलं आणि नोकरी देऊ केली. "सामने खेळून येतो," असं तुळसाला सांगून तो वळकटी घेऊन गेला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी आला नाही. तेव्हा दौलतराव स्वतः अकोल्याला गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते खुशीत.

"फागनात खेळाले येतो म्हनते," त्यांनी ओसरीवरूनच सांगितलं.

तुळसा चुलीपाशी होती. ती बाहेर आली. "आन मले न्याले?"

दौलतराव पाय धूत होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "ते नाही इचारलं."

फाल्गुनात शेषराव आलाच नाही. वाशीमच्या सामन्यांत मेडशीकडून जगदेवने कामरगावचे गडी एकामागून एक आडवे केले. आणि दौलतरावांचं मॅनेजरपण गेलं.

चार-सहा दिवसांनी पुंजाजी गावातली तीन-चार माणसं घेऊन ढाली न्यायला आला. ढाली गावाच्या होत्या, मॅनेजरच्या घरी राहायच्या. माणसं ओसरीवर बसली, चहा झाला. आणि बैलबाजारातून परतताना बोलतात तसं दौलतरावांच्या समोरच दौलतरावांचं बोलणं निघालं.

"मोहनसिंगले आनला हे लय चांगलं केलं," एक जण म्हणाला.

"जगदेवले देल्लं ते वाईट. घरचा गडी देल्ला आन त्यानंच आपल्याले पाडलं."

"पन त्याच्या बदल्यात शेषराव आला ना!" पुंजाजी म्हणाला. "खरं बोलाव मानसानं. शेषरावाचा सौदा दौलतभाऊनं एक नंबर केला. दोन ढाली आल्या गावात. लागलं काय? काहीच नाही."

इतके दिवस पडलेला दौलतरावांचा चेहरा थोडा उजळला. ते सरसावून बसले. "मी तं पाह्यल्याबरोबर वयखलं होतं त्याले," ते म्हणाले.

तुळसा दारात उभी होती. देवघरावरून काढलेल्या दोन्ही ढाली तिच्या हातात होत्या. तिने त्या पुंजाजीसमोर सतरंजीवर ठेवल्या.

"पुंजाजीकाका, काही लागलं नाही म्हनता. मंग मी कोन हाय?"

ती बापाकडे वळली.

"जगदेवले तुमी मेडशीले देल्लं, त्याले निदान दुकान देल्लं. मोहनसिंगले काढलं तं त्याची माय इथं इचाराले तरी आली. माह्यासाठी कोन येईन बाबा? माही माय तं तुमच्याच घरात हाये."

आत गोजराबाई रडत होती. दौलतराव म्हणाले, "लोकायसमोर असं बोलते का?"

"लोकायसमोरच तं सांगून राह्यले तुमी, चांगला सौदा झाला म्हनून."

माणसं ढाली उचलून निघाली.

त्याच पावसाळ्यात तुळसा अकोल्याला गेली, नॉर्मल स्कूल करून पुढे वाशीमच्या मुलींच्या शाळेत लागली. शेषरावाने तिकडे दुसरं घर मांडल्याचं तिच्या कानावर आलं होतं. ती त्याला भेटायला गेली नाही. माहेरी यायची ती आईसाठी.

दौलतराव रोज मैदानावर जायचे, कडेला एकटेच बसायचे. कोणी त्यांना विचारत नसे. पण एकोणसाठच्या हिवाळ्यात पुंजाजीच आपणहून त्यांच्याजवळ येऊन बसला. मंगरूळकडचा एक गडी त्याला मिळत होता. पण गड्याच्या बापाला सोयरीक हवी होती. पुंजाजीच्या भावाची मुलगी लग्नाची होती.

"तुमाले मानसाची पारख हाये दौलतभाऊ. काय करू?"

दौलतरावांची छाती भरून आली. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "नको करू पुंजा. गडी नाही भेटला तरी चालते. पोट्टी नको देऊ."

पुंजाजी हसला. "समजलं मले. तुमच्या दोन ढाली हायेत, माह्या तीन होतीन, याचं दुखून राह्यलं तुमाले."

माघात लग्न झालं. दौलतराव पंगतीत जेवून आले. तुळसा आईचं दुखणं पाहायला आली होती. रात्री ती जेवण वाढत असताना दौलतराव तिला म्हणाले, "म्या नाही म्हनलं होतं पुंजाले. साफ नाही म्हनलं."

तुळसाने भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "मले ठाऊक हाये. पुंजाजीकाकाच्या घरच्या काकूनं सांगतलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पोरीच्या वक्ती बरं सुचलं तुमाले."

आणि आईसाठी पेज घेऊन ती आतल्या खोलीत गेली.