माशांसाठी फॉल-इन

एकोणीसशे पन्नासच्या दशकात आमच्या कंपनीचा तळ पिंपरीजवळ पवनेच्या काठी होता. मी वायरलेसवर नाईक होतो. सकाळी पीटी, दुपारी क्लास, संध्याकाळी हॉकी. शत्रू एकच, मलेरिया. बराकींमागे दगडाची जुनी खाण होती, पाण्यानं भरलेली. डास तिथेच वाढत.

आधी आम्ही खाणीत जळकं ऑइल ओतलं. डासांच्या अळ्या मेल्या, पण त्यांना खाणारे बेडूक आणि चतुरही मेले. तेल विरल्यावर डास लगेच परतले. त्यांना खाणारं आता कोणी उरलं नव्हतं. निम्मी प्लाटून हुडहुडी भरून पडली.

आमचा नर्सिंग असिस्टंट, लान्सनाईक इब्राहिम, चाकणचा. नदीत डुंबत वाढलेला. डॉक्टर कॅप्टनसाहेबांना विचारून त्यानं पवनेतले बोटाएवढे मासे बादलीतून आणले आणि खाणीत सोडले. पाण्याच्या वरच्या थरात फिरून ते दिवसभर अळ्या टिपत. हिवाळा लागेपर्यंत सगळे जवान परेडला उभे राहू लागले. बेडूक परतले, चतुर परतले. एक खंड्याही येऊन मासे उचलू लागला. सुभेदारसाहेब त्याच्यावर चिडत.

"खाऊ द्या, साहेब," इब्राहिम म्हणे. "तोही याच लंगरला जेवतो."

मे महिन्यात खाण आटत गेली. एका सकाळी रोल-कॉल चालू असताना इब्राहिम धावत आला. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. कॅप्टनसाहेबांनी पाण्यात हात घातला.

"पाणी तापलंय. तापल्या पाण्यात हवा कमी राहते, आणि तळाचा कुजका पाला तीही संपवतोय. ताजं पाणी हवं. उंचावरून ओता, म्हणजे हवा मिसळेल."

सुभेदारसाहेब माझ्याकडे वळले. "पंपगाडी मागव."

गाडी पलीकडच्या तळावर होती. मी सेट उचलला. "पंपगाडी तातडीनं पाठवा. ओव्हर."

"आग कुठे लागली? ओव्हर."

"आग नाही. मासे गुदमरतायत. ओव्हर."

मग आवाज आला, "पुन्हा सांगा. ओव्हर."

"मासे. ओव्हर."

"गाडी निघाली. आउट."

तोवर कंपनी फॉल-इन होऊन नदीपासून खाणीपर्यंत रांगेत उभी होती. बादल्या, पातेली, हेल्मेटं हातोहात पुढे जात होती. इब्राहिम कमरेएवढ्या पाण्यात उतरून पाला उपसत होता. काळेवाडीच्या बाया नदीवर धुणं धूत होत्या. एकीनं विचारलं, "आग न्हाई, धूर न्हाई. पानी कशापायी नेता वो?"

"मासे आजारी आहेत," सुभेदारसाहेब गंभीरपणे म्हणाले.

बाया हसत सुटल्या. मग दोघी घागरी घेऊन रांगेत आल्या.

गाडी आली. नळीतून पाण्याचा फवारा उंच उडाला आणि आम्ही सगळे भिजलो. हळूहळू एकेक मासा खाली गेला. काही मेले, पण बहुतेक वाचले. सुभेदारसाहेबांनी पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. "कंपनी, विश्राम," ते म्हणाले, आणि स्वतःच हसू लागले. त्या दिवशी लंगरमध्ये शिरा झाला. बायांच्या घागरीही भरून गेल्या, शिऱ्यानं.

पुढे काही वर्षांनी सीमेवर जखमी जवानाला खांद्यावरून आणताना इब्राहिमला गोळी लागली. तो वाचला नाही. जवान वाचला.

हवालदार होऊन रजेवर आलो तेव्हा मी चाकणला गेलो. त्याचे वडील सायकली दुरुस्त करत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"आमचा पोरगा तिकडं कसा हुता?"

मी खाणीची हकिकत सांगितली. ते मोठ्यानं हसले, डोळे पुसले आणि घरात हाक मारली, "अगं, भाईर ये."

मग मला म्हणाले, "हवालदारसाहेब, पयल्यापासनं सांगा. हिनं ऐकलं न्हाई."