हळदवाली मावशी

अड्याळच्या बाजारात ती हळद विकायची. मी तिला मावशी म्हणायचो, नाव कधी विचारलं नाही. बोटं कायमची पिवळी आणि बोलणं मोजकं. भाव पाडून मागितला की ती उत्तर न देता दुसरीकडे पाहायची. तिची हळद आवळ्याच्या रसात घेतली की साखरेची बिमारी उतरते, असं लोक म्हणायचे.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास बाबांना ती बिमारी निघाली. गोळ्यांना कंटाळून त्यांनी मला तिच्याकडे पाठवलं. मी कारण सांगताच तिचा तराजूवरचा हात थांबला.

"गोळी चालू हाये का बंद केली?"

"आजपासून बंद करतो म्हणतात."

"मंग मी देत नाही. माह्या नवऱ्याले मीच म्हटलं होतं, हळद हाये ना, गोळी कायले खाता? पाय सडला त्याचा. मंग मानूसच गेला."

भर बाजारात पोत्यांवर फडकं टाकून ती माझ्यासोबत घरी आली, आणि बाबांसमोर बसून तिने तेच सगळं पुन्हा सांगितलं.

"हळद भाजीत खा, भाऊ. गोळीच्या जागी नोको."

बाबांनी पाणी मागितलं आणि गोळी गिळली. ती गिळेपर्यंत मावशी त्यांच्याकडे पाहत होती. मग चहाला न थांबता ती उठली.