चारशे पावलांचा फोन

सलोमा रेबर सकाळी सात वाजता रबरी बूट घालून घराबाहेर पडली, की बर क्रीकच्या खोऱ्यातल्या सव्वीस घरांत कॉफीचं भांडं चुलीवर पुढे सरकतं. ती कुठल्या घरी किती वाजता पोचेल हे सांगता येत नाही. ते कुणाला कुणाचा निरोप आला आहे यावर आणि मधल्या कुठल्या घरी काय शिजतंय यावर अवलंबून असतं. पण ती येते. एकसष्ट वर्षांची, बिनलग्नाची, सहा फुटांना इंचभर कमी. तिची ढांग अशी, की भावाचं शिंगरूसुद्धा तिच्याबरोबर चालायला नाखूश असतं.

खोऱ्यातले लोक जुन्या रीतीनं राहणारे ख्रिस्ती: घरात वीज नाही, फोन नाही, दारात मोटार नाही. फोन आला तो आगीमुळे. वीस वर्षांपूर्वी हर्शबर्गरांचं धान्याचं कोठार पेटलं. सर्वांत जवळचा फोन माझ्या, म्हणजे शेजारच्या बाहेरच्या माणसाच्या घरी, आणि मी वूस्टरला गेलेलो. कोठार गेलं. नवं कोठार मंडळीनं, म्हणजे त्यांच्या चर्चच्या सगळ्यांनी मिळून, दोन दिवसांत उभं केलं. त्यानंतर ओढ्याजवळच्या चौकात एक लाकडी खोपटं बांधून त्यात एक फोन ठेवायची परवानगी मिळाली. घंटा बंद, आणि निरोप साठवणारं यंत्र चालू. निरोप ऐकायचे कुणी, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. कुणाची तरी इंडियानातली आत्या आजारी पडली, वारली, पुरली गेली आणि तिच्या भांड्यांचा लिलावही झाला, तेव्हा कुठे ती आजारी असल्याचा निरोप ऐकला गेला.

मग बिशप ऑरी हर्शबर्गरनं हे काम सलोमाला दिलं. एकोणीस वर्षं शिकवून तिनं नुकतीच शाळा सोडली होती. तिचं अक्षर वाचता येण्यासारखं होतं, आणि अर्धं खोरं तिला आधीच घाबरत होतं. निरोप्याला याहून जास्त काय लागतं?

तिची पद्धत ठरलेली होती. रोज सकाळी खोपट्यात बसून लिलावाच्या जुन्या पत्रकांच्या पाठीवर निरोप उतरवायचे. क्रम असा: आधी मरण, मग बाळंतपण, मग गाय, मग दातांचा डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी इंग्लिश गिऱ्हाईक. इंग्लिश म्हणजे आमच्यासारखे बाकीचे सगळे. माझे पणजोबा पोलंडातून आले, पण इथे मी इंग्लिशच. वाईट बातमी असेल तर ती यजमानाला आधी जेवून घ्यायला लावायची. चांगली असेल तर स्वतः जेवून झाल्यावर सांगायची.

बाहेरच्यांना वाटतं हे लोक यंत्रांना भितात. मी बावीस वर्षं यांना व्हॅनमधून दवाखान्यात, लिलावाला आणि लग्नांना नेतो आहे. यंत्राला भिणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मरलिन ट्रॉयरच्या सुतारशाळेत रंधा, करवत, गिरमिट, सगळं दाबलेल्या हवेवर चालतं आणि मागे डिझेलचं इंजिन दिवसभर धडधडतं. त्याच्याकडची यंत्रं पाहून शहरातले सुतार जळतात. यांचा प्रश्न निराळा असतो. ही वस्तू घरात आली तर कुणाचं येणं बंद होईल? उत्तर सापडेपर्यंत वस्तू चौकात थांबते. या फोनच्या बाबतीत ती वीस वर्षं थांबली.

आणि मग खुर्च्यांचं प्रकरण झालं. मरलिन चौतिशीचा, सहा मुलांचा बाप आणि सलोमाचा जुना विद्यार्थी. मार्चमध्ये एके दुपारी तो तिच्या दारात उभा राहिला, हातात तिचीच चिठ्ठी.

"बाई, कोलंबसच्या दुकानदाराला बारा खुर्च्या शुक्रवारच्या आत हव्या होत्या म्हणे. चिठ्ठीत तर 'सवडीनं' असं आहे."

"हो, मीच लिहिलंय."

"तो सवडीनं म्हणाला?"

"तो तीनदा लवकर म्हणाला. नंतर देवाचं नावही घेतलं, पण प्रार्थनेसाठी नव्हे. घाई हा काही निरोप नाही, मरलिन. तो त्या माणसाचा स्वभाव झाला. लोकांचे स्वभाव मी पोचवत नाही."

"त्यानं खुर्च्या दुसरीकडून घेतल्या, बाई."

"सुटलास. आत ये, नूडल्स आहेत."

मरलिननं नूडल्स खाल्ल्या. शिकवलेल्या बाईंपुढे दुसरं काय करणार? पण त्याच आठवड्यात तो बिशपकडे गेला आणि म्हणाला, मला माझं वेगळं खोपटं हवं. त्यानं हे म्हटल्यावर आणखी सहा जणांना आठवलं की आपल्यालाही हवंच होतं.

एप्रिलमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. त्याच्या दोन आठवडे आधी सगळी मंडळी बसते, वर्षाचे नियम वाचले जातात आणि मग एकेकाला, बायकांनाही, विचारलं जातं: तुम्हाला मान्य आहे का, सर्वांशी तुमचा सलोखा आहे का? एकाचं जरी अडलं तरी प्रभुभोजन पुढे जातं. कधी महिनाभर, कधी शरदापर्यंत. यंदाच्या नियमांत खोपट्यांचा नवा नियम होता: ज्याला हवं त्यानं फोनचं स्वतःचं खोपटं बांधावं, मात्र घरापासून लांब.

आदल्या दिवशी मी सलोमाला आणि तिची भावजय लव्हिना हिला कापडाच्या दुकानातून घरी आणत होतो. मागच्या बाकावर दोघींच्या मध्ये निळ्या कापडाचा तागा होता.

"वन्सं, उद्या तुम्हाला विचारतील तेव्हा काय सांगणार?"

"सांगीन काहीतरी."

"काहीतरी चालत नाही तिथे. हो, नाहीतर नाही."

"मला शिकवू नकोस. नाही म्हटलं तर लोक म्हणतील, म्हातारीला घरोघरचा केक सुटत नाही."

"मग, खोटं आहे का ते?"

"खोटं नाही हीच तर पंचाईत आहे. आणि हो म्हणावं तर ते मनात नाही. पोटात एक आणि ओठांवर एक ठेवून प्रभूच्या मेजावर बसायचं? शिवाय तुझ्या रूथचं यंदा पहिलंच प्रभुभोजन. माझ्या नाहीमुळे पोरगी लटकायची."

लव्हिनानं कापडाची घडी नीट केली. "पण तुम्ही निरोपाशिवाय आलात तर कुणी दार लावून घेणार आहे का? दारं उघडीच असतात."

"उघडी असतात गं. पण आत शिरायला हातात काहीतरी लागतं. तुला नवरा आहे, आठ पोरं आहेत. तू कुठेही नुसती जाऊ शकतेस. मी नुसती गेले, तर सलोमाला एकटं वाटतंय बिचारीला, म्हणून खुर्ची पुढे करतील. ती खुर्ची मला नको." मग माझ्या मानेकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही पुढे बघा. तुमचे कान लाल झालेत."

मी पुढे बघितलं.

मंडळीच्या त्या बैठकीतलं बाहेर सांगायचं नसतं. त्यामुळे तिथे काय झालं ते मला फक्त सात जणांकडून कळलं.

बिशपच्या हाताखालचा डीकन ॲटली मास्ट आधी पुरुषांच्या बाकांवरून फिरला. मान्य, मान्य, मान्य. मग बायकांकडे वळला. सलोमापुढे आला तेव्हा, म्हणे, शेवयांच्या डब्यात चमचा पडला असता तरी ऐकू आलं असतं इतकं शांत झालं.

"सलोमा, तुला मान्य आहे?"

"एक विचारू का? नियमात 'घरापासून लांब' असं आहे. लांब म्हणजे किती?"

ॲटलीनं बिशपकडे पाहिलं. बिशपनं मरलिनकडे.

मरलिन म्हणाला, "माझ्या सुतारशाळेची मागची भिंत. चाळीसेक पावलं होतील."

सलोमा म्हणाली, "चाळीस पावलं माणूस घरातल्या सपाता घालून जातो. सपातांत जाता येतं ते लांब नव्हे, ते परसदार झालं. आज भिंतीपाशी आहे, उद्या थंडी वाजते म्हणून भिंतीच्या आत येईल."

हे बिशप ऑरीच्याच मनातलं होतं, पण त्याला ते आठवडाभर सुचलेलं नव्हतं. त्यानं विचारलं, "मग तूच सांग. अठरा वर्षं तूच जातेस."

"चारशे. बूट घालावे लागतात, आणि घालताना माणूस विचार करतो की खरंच बोलायचंय का."

"कुणाची पावलं?" ॲटलीनं विचारलं. त्याची स्वतःची फार आखूड आहेत.

"माझीच मोजा. दुसऱ्या कुणाची रोज पडतात तिथे?"

बिशपला हे पटलं. त्यानं आपल्याकडून एक भर घातली: चारशे पावलं स्वतःच्या घरापासून नव्हे, कुणाच्याही राहत्या घरापासून. नाहीतर मरलिनचा फोन मास्टांच्या कपडे वाळवायच्या दोरीखाली यायचा, आणि मोह त्यांच्या सुनांना व्हायचा. मरलिननं मनातल्या मनात हिशेब केला, चारशे पावलं म्हणजे काही फार नाही, आणि मान डोलावली. मग ॲटलीनं पुन्हा विचारलं, आणि सलोमा म्हणाली, "मान्य आहे. मनापासून."

प्रभुभोजन वेळेवर झालं. रूथनं पहिल्यांदा भाकर घेतली. मग रीतीप्रमाणे एकमेकांचे पाय धुवायच्या वेळी लव्हिनानं सलोमाचे पाय धुतले आणि ते धुताना तिला हसू आवरत नव्हतं, असं ऐकतो.

मोजणी पुढच्या मंगळवारी होती. पुढे सलोमा, मागे सुतळीचा गुंडा घेऊन ॲटली, त्याच्यामागे खुंट्यांची पिशवी घेतलेला मरलिन. मी कुंपणावर बसलो होतो. गाडीला काम नव्हतं.

मरलिनच्या दारापासून उत्तरेला निघाले. सलोमा मोठ्यानं मोजत होती. तीनशे वीसला ॲटलीनं हात वर केला. "थांबा. ते माझं आजोबा-घर."

"ते रिकामं आहे की!" मरलिन म्हणाला.

"शरदात मी तिथेच राहायला जाणार. लेकाला मोठं घर दिलं. राहतं धरा."

पूर्वेला गेले. अडीचशेवर रेबरांची विधवा मावशी खिडकीतून विचारू लागली, कुणी हरवलंय का? पश्चिमेला हर्शबर्गर. या खोऱ्यात माणूस साठीला आला की शेताच्या कडेला छोटं घर बांधून त्यात राहायला जातो, आणि मुलगा साठीला आला की आणखी एक. जिथे एक शेत दिसतं तिथे तीन घरं असतात. दुपारपर्यंत तिघांनी खोरं उभंआडवं मोजलं. ॲटलीची सुतळी संपली, नवी आणली. अख्ख्या खोऱ्यात प्रत्येक घरापासून चारशेच्या बाहेर अशा दोनच जागा निघाल्या. पहिली दलदल; तिथे मागच्या वर्षी हर्शबर्गरांची गाय पोटापर्यंत रुतली होती. दुसरी म्हणजे ओढ्याजवळचा चौक, जिथे जुनं खोपटं उभं होतं.

मरलिन खोपट्याला टेकून उभा राहिला. खुंट्यांची पिशवी जशीच्या तशी भरलेली होती.

"बाई, तुम्हाला हे माहीत होतं."

"मला काय माहीत असणार? मी आपली चालते."

"अठरा वर्षं चालताय!"

"चालताना मी निरोप पाठ करते, पावलं मोजत नाही." एवढं बोलून ती खोपट्यात शिरली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशीचे निरोप ऐकायचे राहिले होते.

ॲटली सुतळी गुंडाळत म्हणाला, "जागा चांगली आहे रे. पाणी साठत नाही."

नियम मनापासून मान्य केलेला होता, तेव्हा तक्रार कुणी करायची आणि कुणाकडे? जुलैपर्यंत चौकात जुन्याच्या शेजारी सात नवी खोपटी रांगेनं उभी राहिली. मरलिनचं ओकचं, उतरत्या छपराचं, आत खिडकी आणि पाठ टेकायला बाक. ऑगस्टमध्ये पर्यटकांच्या बसमधून उतरलेल्या एका बाईनं ॲटलीला विचारलं, यातलं स्त्रियांसाठी कुठलं? ॲटलीनं विचार करून सांगितलं, "सगळीच. पण तुम्हाला वाटतंय ते त्यात नाही."

मरलिन पहिले दहा दिवस स्वतः गेला. त्याच्या सुतारशाळेपासून चौक म्हणजे जाऊनयेऊन अर्धा तास. त्यात वाटेत मास्टांकडे थांबणं आलं, कारण न थांबता गेला तर मास्ट विचारतात, आमचं काही चुकलं का? अकराव्या दिवशी त्यानं मोठ्या मुलीला पाठवलं. तिनं चार निरोपांतले दोन आणले, आणि वाटेत सापडलेलं एक मांजराचं पिल्लू. त्यानंतर सोमवारी सकाळी सातला तो सलोमाच्या दारात आला.

"बाई, तुम्ही तिकडे जाताच आहात..."

"जाते. मग?"

"माझंही यंत्र ऐकाल का? फक्त जे म्हणतील ते लिहायचं. लवकर म्हणाले तर लवकर."

सलोमानं बूट चढवता चढवता बराच वेळ विचार केला. "लिहीन. देवाचं नाव घेतलं तर मात्र तेवढं गाळीन."

"तेवढं गाळा."

किल्ली तिनं ॲप्रनच्या खिशात टाकली. महिनाअखेर तिच्याकडे सातही किल्ल्या होत्या. यंत्रं आठ झाली, त्यामुळे निरोपही दुप्पट झाले. बोलायला जागा मिळाली की इंग्लिश माणूस जास्त बोलतो, असं तिचं निरीक्षण आहे. पूर्वी ती दुपारी दोनला घरी परतायची, आता चार वाजतात. काही घरी दोनदा जावं लागतं, म्हणजे कॉफीही दोनदा. यावर ती सव्वीसही घरांत कुरकुर करते, आणि प्रत्येक घरी जरा जास्त वेळ बसून करते.

ऑक्टोबरमध्ये मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला गेलो, तर ती फाटकापाशीच बूट घालून उभी.

"आज जमायचं नाही हो. आठ यंत्रं ऐकायचीत, शिवाय हर्शबर्गरांकडे बाळंतपण आलंय. डॉक्टरला कळवून टाकते, पुढच्या महिन्यात बघू."

"डोळे महत्त्वाचे की निरोप?"

"निरोप कानांनी ऐकतात." ती चौकात माझ्याबरोबर गाडीनं आली, उतरली आणि आठ खोपट्यांपुढे कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग मरलिनचं उघडलं. ऊन त्याच्याच खिडकीतून येत होतं, आणि पाठ टेकायला बाक होता.