न उडणाऱ्या विमानाचे सोळा तास

जे विमान उडतच नाही, ते किती तासांत पोचेल हे तुम्ही आजारी माणसाला सांगाल का? आमच्या घरात सांगितलं गेलं.

आई कोलकात्यात, विमानतळाजवळच्या डमडमच्या हॉस्पिटलात होती. कॅन्सर हाडांत उतरला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. दादा टोरांटोहून निघाला, तसं बाबांनी फोनवर शोधलं: टोरांटो ते कोलकाता, साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. ते आईच्या कानाशी वाकले. "अगं, उद्या दुपारी पोरगा तुझ्यासमोर!"

तो आकडा नकाशावर सरळ रेष ओढून काढलेला. तसं थेट विमानच नाही. दादाला दुबईत उतरून बराच वेळ थांबायचं होतं, मग दुसरं विमान. बाबांना बाहेरच्या बाकावर बसवून मी हे सांगितलं. खिदिरपूरच्या गोदीत त्यांनी आयुष्यभर युनियनची पत्रकं लिहिली. एक आकडा चुकला तरी अख्खा गठ्ठा फाडायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. ते म्हणाले, "तिला एवढा तरी आधार असू दे. तुझी तत्त्वं घरी ठेव." मग माझे हात धरले. कुठल्याच साहेबापुढे न वाकलेला माणूस विनवत होता. आईला खरं न सांगताच मी परत तिच्याजवळ जाऊन बसले.

त्या आधारापायी आईने इंजेक्शन बंद केलं. त्याने दुखणं थांबायचं, पण गाढ झोप लागायची. नर्स आली की ती हात आखडून घ्यायची. "आज नको. तो येईल आणि मी घोरत पडलेली! बरं दिसतं का?" हसायची, आणि मग चादर मुठीत धरून कण्हत राहायची.

डमडमला विमानं छपरांना घासून गेल्यासारखी उतरतात. प्रत्येक आवाजाला ती विचारायची, "हेच का गं?"

"पुढचं असेल," बाबाच उत्तर द्यायचे.

दुपार झाली. दादाचा मेसेज आला, अजून दुबईतच आहे. मी सरळ आत गेले. "आई, दादा उद्या येईल. सोळा तासांत येणारं विमान नाहीच." बाबा खिडकीकडे वळले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, मग कालच सांगायचं होतंत. निदान सुखाने झोपले तरी असते." तिने स्वतःहून नर्सपुढे हात धरला.

दादा आला तेव्हा ती त्याच झोपेत होती. तो हाका मारत राहिला. बाबा तिचे तळवे चोळत राहिले. मी पलंगाशी नुसती उभी. ती पुन्हा कधीच जागी झाली नाही.

तुमचं कोणी परदेशात असेल तर आजच, सगळे धडधाकट असताना, त्याला फोन करा. तिथलं दार ओढून घेतल्यापासून इथली बेल वाजेपर्यंत किती वेळ लागेल ते विचारा. आणि जे उत्तर येईल ते, कितीही वाईट असो, वाट बघणाऱ्या माणसालाच सांगा.