वाटून खाणाऱ्यांच्या गावात संप

शिकागो मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना नुसता मका सुरू झाला. गाडी माझी भाची मीरा चालवत होती. जन्म इथलाच, मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र निम्मं इंग्रजी. ती ज्या संग्रहालयात गाइड आहे ते पाहायला मी साताऱ्याहून आले होते.

युरोपातल्या गिरण्यांत माणसांची चिपाडं होताना पाहून एकोणिसाव्या शतकात काही मंडळी म्हणाली, मालक नको, मजूर नको, सगळं सगळ्यांचं! त्यांतल्या काहींनी थेट अमेरिका गाठून इथे वसाहत थाटली. ती लवकरच मोडली, पण त्यांचं विटांचं सभागृह टिकलं; तेच आता मीराचं संग्रहालय. शाळेत समाजवादाचा धडा आला की मी या लोकांबद्दल इतकं भरभरून बोलायचे, की पोरं म्हणायची, बाई तिथे राहून आल्यात.

वाटेत एका डायनरमध्ये (हायवेवरची साधी खानावळ) आम्ही कॉर्नब्रेड (मक्याचा गोडसर पाव) मागवला. मीरा तो नुसताच चिवडत होती.

"काय गं, बिनसलंय का काही?"

"मावशी, उद्यापासून आम्ही स्ट्राइकवर आहोत."

संग्रहालय सगळ्या गाइडना काढून फोनवर ऐकायचं रेकॉर्डिंग आणणार होतं. मीराची नोकरी जाणार होती.

"यंत्र आलं, माणूस गेला! अगं, हे तर माझ्या धड्याचं पहिलं पान!"

"मावशी, धडा नाहीये. माझा जॉब आहे."

मी जीभ चावली.

सकाळी फाटकासमोर गाइड मंडळी फलक घेऊन फेऱ्या मारत होती. माझ्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. भाचीच्या साहेबांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? शिवाय दोन गोड शब्द बोलले तर पोरीचं काम होईल, असा माझा हिशेब. मीरा फलक रंगवण्यात गुंतलेली, तेवढ्यात मी सरळ रांगेमधून आत गेले. मागे केवढा गलका झाला! मी आपली हसून हात हलवत पुढे.

साहेब मोठे अदबशीर. डबा घेतला, म्हणाले, "आज गाइड नाहीत, मीच दाखवतो." त्यांनी सभागृहाचं दार उघडलं. आतला लाकडी जिना दिसला, वर उंच खिडक्यांतून ऊन पडलेलं. माझे पाय तिकडे वळलेच.

"मावशी!" फाटकाबाहेरून मीरा ओरडली. "तू पिकेट लाइन क्रॉस केलीस!"

पिकेट लाइन (संपकऱ्यांची दारापुढची रांग) ओलांडणं म्हणजे मालकाची बाजू घेणं. अरे देवा! आयुष्यभर संप शिकवले, आणि संप फोडायला मीच! मीराचं तोंड एवढंसं झालं होतं. आत जायला जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू? पण मी डबा परत मागून घेतला.

"साहेब, हे मला माझी भाचीच दाखवेल."

बाहेर येऊन लाडू वाटले. कॅरल नावाच्या पिकल्या केसांच्या गाइडने दोन खाल्ले आणि मला मिठीच मारली. मीराने डोळे पुसले, फुटपाथवर उभी राहिली आणि तिथूनच सभागृह दाखवायला लागली.

"मावशी, त्या वरच्या खिडकीमागे रात्री डान्स व्हायचा. आणि सकाळी भांडणं! जेवायला सगळे, भांडी कोण घासणार?"

मग तेच इंग्रजीत. येणारे-जाणारे थांबले. तिकीट काढलेलं एक जोडपं आत जायचं विसरून प्रश्न विचारत राहिलं, आणि ही पोरगी प्रत्येकाला हसवून, भांडून उत्तरं देत होती. कुठलं रेकॉर्डिंग हे करणार? माझा ऊर भरून आला.

विमानतळाच्या वाटेवर तिचा फोन वाजला. साहेबांनी गाइडना बोलणी करायला बोलावलं होतं. नोकरी राहील की जाईल, ते अजून ठरायचंच होतं. पण मीरा गुणगुणत होती.

साताऱ्याला आल्यावर माझ्या जुन्या शाळेने मला मुलांशी गप्पा मारायला बोलावलं. वसाहत का मोडली, हे मी पूर्वीसारखंच रंगवून सांगितलं. मग एका मुलीने विचारलं, "बाई, ते सभागृह आतून कसं आहे?"

"पाहिलं नाही गं," मी म्हटलं. "दारापर्यंत गेले होते. माझी माणसं बाहेर उभी होती."