बाहेरचे डॉक्टर

चष्मा कपाळावर सरकवून साहेब आधी दवाखान्याच्या फाटकाकडे बोट दाखवत आणि मग म्हणत, “डॉक्टर बाहेरचे आहेत. आपली जबाबदारी नाही.”

बुलढाण्याच्या त्या खासगी दवाखान्यात ते व्यवस्थापक होते आणि मी लॅबमध्ये रक्त तपासायला. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. खिशाला दोन पेनं, आणि कागदावर इतकी श्रद्धा की आलेली लग्नपत्रिकाही पंच करून फाइलला लावत.

दवाखान्याच्या दर्शनी पाटीवर चौदा डॉक्टरांची नावं वीतभर अक्षरांत होती. त्यातले गावात राहणारे एकटे मालक. बाकीचे अकोल्याहून, जालन्याहून ठरल्या वारी येत, ऑपरेशन करत आणि गाडीत बसत. संमतिपत्राच्या तळाशी मात्र साहेबांनी स्वतः रचलेली एक ओळ होती : ‘येथील डॉक्टर दवाखान्याचे नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक आहेत.’ अक्षर मुंगीच्या पायाएवढं. मला कौतुकानं वाचून दाखवताना त्यांनाच भिंग लागलं.

त्यांचा न्याय सोपा होता. पेशंट बरा झाला की ‘आपल्या दवाखान्याचं नाव झालं’. बिघडला की डॉक्टर बाहेरचे. लिफ्ट अडकली, लिफ्टवाला बाहेरचा. खिचडीत खडा निघाला, स्वयंपाकवाली बाहेरची. एकदा मी म्हटलं, “साहेब, मग आपलं आहे तरी काय?” त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, “पाटी.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती दुष्ट नसतात. माझी आई आजारी होती तेव्हा महिनाभर यांच्याच घरून डबा यायचा, आणि एका शब्दानं त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग देऊळघाटच्या एक अंगणवाडीताई पोटातल्या गाठीसाठी आल्या. साहेबांनीच त्यांना धीर दिला, “आमचे गुरुवारचे डॉक्टर एक नंबर. डोळे मिटून ऑपरेशन करा.” ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी ताप चढला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या दिसल्या. मी रिपोर्ट घेऊन साहेबांकडे पळाले.

“साहेब, आत पू होत असेल. डॉक्टरांना बोलवा.”

“फोन लागत नाही. गुरुवारी येतीलच.”

“मग मालकांना तरी दाखवा.”

“पेशंट त्यांचा नाही. दुसऱ्याचं दुखणं अंगावर काऊन घ्यायचं?”

रिपोर्टला पंच पडला, फाइलला लागला. ताईंना गोळ्या देऊन घरी पाठवलं. मी पुढे काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी सरकारी दवाखान्यात ताईंचं पोट पुन्हा उघडलं. आत कापडी पट्टीचा बोळा होता. जीव वाचला; आतड्याचा तुकडा काढावा लागला.

ताईंनी ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील लावला नाही. स्वतःच उभ्या राहिल्या. आमच्या वकिलांनी ती मुंगीची ओळ पुढे केली. सुनावणीच्या आधी मालकांनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. मी दारातच होते.

“तो रक्ताचा रिपोर्ट फाइलमध्ये कशाला पाहिजे?” मालक म्हणाले.

देवघरात चपला घालून जायला सांगावं तसा साहेबांचा चेहरा झाला. “सर, डॉक्टर बाहेरचे असतील. कागद आपला आहे. लागलेला कागद मी काढत नसतो.”

आयोगापुढे ताईंना साहेबांना प्रश्न विचारायची परवानगी मिळाली.

“साहेब, त्या डॉक्टरले मी वळखत होती का?”

“नाही.”

“मंग मले त्याच्याकडे कोनं पाठवलं?”

“दवाखान्यानं.”

“ऑपरेशनची खोली, सिस्टर, पट्ट्या, हे कोनाचं?”

“दवाखान्याचं.”

“मले ताप आला, रिपोर्ट खराब आला, हे तुमाले मालूम होतं?”

साहेबांनी फाइल उघडली, पान काढलं. “होतं. रिपोर्ट इथं आहे.”

“मंग काऊन नाही बोलावलं कोनाले?”

त्यांनी पानाची दुमडलेली कड सरळ केली. हळूच म्हणाले, “त्याच्यासाठी कुठला फॉर्म नव्हता.”

मागे कुणीतरी हसलं. ताई हसल्या नाहीत.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. बाई डॉक्टर शोधत आल्या नव्हत्या, दवाखान्यात आल्या होत्या. डॉक्टर दवाखान्यानं दिला. तेव्हा तो नोकर असो वा नसो, दवाखान्याला हात झटकता येणार नाहीत, असं आयोगानं लिहिलं. मालकांनी यातून योग्य तो धडा घेतला : ती ओळ मोठ्या अक्षरांत छापली आणि साहेबांना काढून टाकलं.

मीही ती नोकरी सोडून मेहकरच्या एका लॅबमध्ये लागले. साहेब वारल्याचं तिथंच कळलं. काही दिवसांनी मेहकरच्या स्टँडवर ताई भेटल्या. त्यांना बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, “माह्या घरी आले होते ते.”

“कधी?”

“नोकरी गेल्यावर. ओट्यावर बसले. मंग इचारलं, ‘पोट दुखते का अजून?’ म्या म्हटलं, हाव, कधी कधी. साहेब, हे तवाच इचाराले पायजे होतं. तर म्हने, ‘हो. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.’ अन् उठून फाट्यावर गेले. एसटी आली, गेली, माणूस उभाच. मंग मीच गेली बोलवाले. म्हटलं, उन्हात काऊन उभे राह्यले, चला, दोन घास खाऊन घ्या.”

“जेवले?”

“जेवले ना. भाकर अन् ठेचा.” ताईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “अन् मी नको नको म्हनत राह्यली, तरी आपलं ताट आपन धुतलं.”