कावीळ नव्हती

माझी सून पांढऱ्या पायाची, ती आली आणि पोरगा दारूला लागला, असं आमच्या गावात अजूनही बोलतात. हे मीच पेरलं. माझ्यामागे ते तसंच चालू राहू नये म्हणून लिहितो.

बारावीनंतर मुलगा माळ्यावर जाऊन निजला तो उठेचना. अंघोळ नाही, बोलणं नाही, तोंड भिंतीकडे. समोर भाकरी ठेवली की रडायचा. बायको म्हणाली, "डोक्याच्या डॉक्टरला दाखवू." मी म्हणालो, "मग त्याला पोरगी कोण देईल?" गावाला सांगितलं, कावीळ झालीय. खोटं पक्कं बसावं म्हणून घरातली हळद आणि फोडणी बंद केली. शेजारीण डोकावली की तिला बिनहळदीचं वरण दिसायचं. लोक मुळे आणून द्यायचे, उसाचा रस पाठवायचे. पुढे तो आपोआप उठला. मला वाटलं, मीच बरा केला.

लग्न ठरवताना जवळच्याच चांदे गावच्या व्याह्यांनी सरळ विचारलं होतं, पोराला काही दुखणं? मी म्हणालो, "कावीळ झालती एकदा. आता ठणठणीत हाय."

लग्नानंतर तोच काळोख पुन्हा आला. तेव्हा मुलगा पिरंगुटला कंपनीत होता. या खेपेला त्याला दारू सापडली.

मग एकदा पुण्याहून एक मुलगी आली. दारू आणि मनाचे आजार यांचा अभ्यास करत गावोगाव फिरत होती. म्हणाली, "मला यांच्याशी एकट्यानं बोलायचंय."

"आमच्यात तसं बसवत न्हाईत," म्हणून मी पलंगावर मांडी घातली.

तिनं मुलाला विचारलं, "दारूच्या आधी कधी असं झालं होतं? दिवसच्या दिवस उठावंसं न वाटणं?"

मुलानं माझ्याकडं पाहिलं.

"कावीळ झालती," मी म्हणालो.

"मी त्यांना विचारतेय, आजोबा."

"तेच सांगतोय. दारू लग्नानंतर लागली. घरात रोजची किरकिर, मग माणूस काय करंल?"

आत सून भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"दादा म्हणत्यात तसंच," मुलगा म्हणाला.

मुलीनं पुन्हा तोच प्रश्न फिरवून विचारला. मी म्हणालो, "आमी येडे वाटलो व्हय तुला? च्या घे आन् ऊठ." ती चहा न घेताच गेली. त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पुढे त्याला दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. दारू सुटायची, की हा माळ्यावर. माळ्यावरून उतरला, की दारू. आणि दरवेळी बोल सुनेला.

शेवटी सूनच त्याला पुण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मी सोबत होतो. डॉक्टरनं तेच विचारलं, आधी काय, उदासी की दारू? सून म्हणाली, "दारू. लग्नानंतर. माझ्याच पायगुणानं." ती टोमणा मारत नव्हती. तिचा त्यावर विश्वास बसला होता. ते मला ऐकवेना.

"कावीळ नव्हती," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं आपण दारूच्याच मागे लागलो, बाबा. मूळ आजाराला कुणी हातच लावला नाही." त्यांनी उदासीचं औषध सुरू केलं. मुलगा माझ्याकडं बघत नव्हता.

परतताना पौडच्या स्टँडवर सून पहिल्यांदा बोलली. "दार लावून डॉक्टरला सांगितलंत. माझ्या बापाला कोण सांगणार?"

"सांगू हळूहळू."

"शिव्या काय मी हळूहळू खाल्ल्या व्हय, मामा?"

दुसऱ्या रविवारी ती मला चांद्याला घेऊन गेली. मी ओसरीवर बसून सांगितलं. व्याही माझ्यासमोर येऊन बसले.

"मी तुमाला इचारलं हुतं."

"व्हय."

"ही रडत आलती, तवा मी हिलाच हाकलली. म्हणलं, तुलाच संसार जमंना."

त्या घरात मला कुणी पाणी विचारलं नाही. विचारू नयेच. व्याही लेकीला म्हणाले, "जेवून जा." तिनं बापाकडं पाहिलं नाही. पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, "झालं? चला. त्यांच्या गोळीची येळ झाली."

गावात आता मीच सांगतो. म्हातारा चळला, म्हणतात. सून ऐकते आणि माझं बोलणं खोडत नाही. चळला म्हणणाऱ्यांचंही नाही.